शिकारीच्या सॅकमध्ये काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं?

नवखा_नेम

नमस्कार मंडळी,

हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे उरलेत आणि माझं सामान अजून खोलीभर पसरलेलं आहे. पहिलीच शिकार, हरणाची. परवाना, टॅग (मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी), बंदूक हाताळायचं प्रशिक्षण सगळं रीतसर झालंय, तेव्हा शिकार करावी की करू नये हा वाद कृपा करून इथे नको. त्याला वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन.

एका दिवसाचंच काम आहे. पहाटे अंधारात गाडी सोडायची आणि अंधार पडल्यावर परत गाडीशी. बसायची जागा गाडीपासून साधारण सहा किलोमीटर, त्यातले शेवटचे दोन खड्या चढाचे. जोडीला मित्र आहे, पण आम्ही दोघं दोन वेगळ्या सोंडांवर बसणार, मध्ये दरी. दिवसा पाच-सहा अंश, रात्री शून्याच्या खाली. पाऊस नाहीतर भुरभुर बर्फ कधीही येऊ शकतो. फोनला रेंज वरच्या धारेवर मिळते, खाली नाही.

काल सगळं भरून वजनकाट्यावर ठेवलं. साडेचौदा किलो, बंदूक सोडून. आत हे आहे:

पाणी तीन लिटर. गॅसची छोटी शेगडी, तिची डबी आणि भांडं. १२×५० ची दुर्बीण, शिवाय तिपाईवरची मोठी दुर्बीण तिपाईसकट. अंतर मोजायचं यंत्र. दोन सुऱ्या, एक हातकुऱ्हाड, घडीची करवत. चाळीस काडतुसं. वीस मीटर जाड दोर. घरातली प्रथमोपचाराची पेटी, आहे तशी उचलली. घडीची खुर्ची. अंगाचा वास मारायचा फवारा. नराला बोलवायची शिट्टी आणि आपटून वाजवायची शिंगांची जोडी. जाड जॅकेट, दोन सुती टी-शर्ट, रेनकोट. एक हेडटॉर्च, पॉवर बँक. ताडपत्री. आणि दिवसभर बसायचं म्हणून एक पुस्तक.

हसू नका. वस्तू हातात घेतली की वाटतं ही लागेलच. नेटवर याद्या पाहिल्या तर प्रत्येक यादी आधीच्यापेक्षा लांब. काय काढू?

कातळ

हसलो.

खुर्ची, कुऱ्हाड, पुस्तक, फवारा. हे चार आत्ताच्या आत्ता बाहेर. पुस्तकात डोकं घातलेला माणूस हरणाला आधी दिसतो.

चाळीस काडतुसं म्हणजे जवळजवळ एक किलो शिसं, पितळ आणि दारू. मॅगझिनभर आणि वर पाच पुरे. ती पाच कशाला, तर चढताना बंदूक कुठे आपटली आणि स्कोप, म्हणजे बंदुकीवरची नेम धरायची दुर्बीण, हलल्याची शंका आली तर निशाण्यावर दोन झाडून खात्री करता यावी म्हणून. त्यापलीकडे गोळ्या लागत असतील तर उणीव सॅकेत नाही.

दुर्बिणीचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की आकडा मोठा तितकी चांगली. १२×५० मध्ये हरीण बारापट मोठं दिसतं आणि तुझ्या हाताची थरथरही बारापट. चढून आल्यावर छाती धापत असते तेव्हा त्यातून काही धड दिसत नाही. दुसरं म्हणजे उजेड. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ५० भागिले १२ म्हणजे चार मिलीमीटरच्या थोडं वर. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलीमीटरपर्यंत उघडते. हरणं हलतात ती नेमकी झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेला. म्हणून ८×४२ घे, फार तर १०×४२, आणि गळ्यात लोंबकळत न ठेवता छातीवरच्या पट्ट्यात बसव. तिपाईवरची मोठी दुर्बीण उघड्या माळावर, मैलभर पलीकडचं पाहायला उपयोगी. सोंडेवरच्या झाडीत नाही.

अंतर मोजायचं यंत्र ठेव. शिंगांची जोडी नर माजावर असतील तेव्हाच कामाची. तुझा हंगाम त्या दिवसांत येत नसेल तर तीही काढ. शिट्टीचं वजन काही नाही, राहू दे.

फवाऱ्याच्या जागी बारीक भुकटीची पिचकारी ठेव, बिनवासाची. दाबली की वारं कुठे जातंय ते कळतं. पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर जाते, संध्याकाळी पुन्हा खाली. सकाळी अचूक असलेली तुझी जागा दुपारी हरणाच्या नाकात वास सोडत असते. फवारा मारून घामाचा वास जात नाही, जागा बदलावी लागते.

थिएटर_सिस्टर

नवखा, तुझी यादी दोनदा वाचली. त्यातलं जवळजवळ सगळं हरीण दिसेपर्यंतचं आहे. हरीण पडल्यानंतरचं शोधलं तर हाताला लागतात दोन सुऱ्या, एक कुऱ्हाड, करवत आणि एक दोर. कातळनी वजन कमी करून दिलं ते बरोबरच आहे, पण माझं म्हणणं वेगळं आहे. तू सॅक उलट्या बाजूने भर. चाप ओढलाय, हरीण पडलंय, उजेड जायला अर्धा तास आहे, मित्र दरीपलीकडे आहे. तिथून सुरुवात कर आणि मग मागे मागे ये. हरीण दिसेपर्यंत तुला लागतात डोळे, कोरडं बूड आणि गप्प बसायची ताकद. कामाला हात लागतो तो नंतर.

मी नोकरी केली ती ऑपरेशन थिएटरमध्ये. ट्रॉली मांडताना आम्ही ऑपरेशन सुरळीत होईल असं धरून मांडत नव्हतो. रक्त थांबलं नाही तर काय लागेल ते हाताच्या अंतरावर, बाकीचं मागे. ती सवय सॅकेपर्यंत आली, इतकंच.

तर आधी हिशेब. जिवंत सत्तर किलोच्या नराचं बिनहाडाचं मांस साधारण पंचवीस किलो भरतं. ते सहा किलोमीटर आणायचंय, त्यातला पहिला तुकडा खडा उतार. तुझे साडेचौदा, वर बंदूक चारेक किलो, वर पंचवीस. गुडघे काय म्हणतात ते मला माझ्या उजव्याला विचारून सांगता येईल. म्हणजे वर जाताना सॅकेत आठ-नऊ किलोच्या वर काही नको, आणि मांस दोघांत वाटलं जाणार किंवा दोन खेपा होणार हे घरातून निघतानाच ठरलेलं हवं.

आता एकेक.

सुऱ्या. कुऱ्हाड आणि करवत दोन्ही काढ. सांध्यासांध्यातून सोडवलं तर एकही हाड तोडावं लागत नाही. आणि ज्या भागात हरणांना त्या मेंदू पोखरणाऱ्या रोगाची लागण आहे तिथे कणा आणि डोकं चिरायचंच नसतं. तिला कारण असलेलं बिघडलेलं प्रथिन शिजवून मरत नाही. तुझ्या भागात तसं असेल तर हाडं बाहेर नेण्यावर बंधनं असतात, परवान्याबरोबरच्या पत्रकात बघून घे. एक स्थिर पात्याची सुरी, पातं नऊ-दहा सेंटीमीटर. दुसरी बदलत्या पात्याची, आमच्या ऑपरेशनच्या २२ नंबरच्या पात्यासारखी. कातडं सोडवायला तिच्यासारखं काही नाही. पण ते पातं ठिसूळ असतं. सांध्यात घालून पिळलंस की कडकन तुटतं, आणि तुकडा मांसात राहिला तर तो जेवताना सापडतो. सांधे स्थिर सुरीने, कातडं पातळ पात्याने. वापरलेली पाती टाकायला एक टणक डबी. सॅकेत सुटं पातं ठेवलेला माणूस मी बघितलाय, त्याच्या बोटाला टाके मीच घातले.

हातमोजे. नायट्राइलचे, कोपरापर्यंतचे मिळाले तर उत्तम, दोन जोड. थंडीने फाटलेल्या बोटांच्या चिरांतून ब्रुसेलोसिस नाहीतर ट्युलारेमियासारखे जनावरांकडून येणारे आजार शिरायला वेळ लागत नाही. पन्नास ग्रॅमची वस्तू आहे.

कापडी पिशव्या. हे तुझ्या यादीत नाहीच आणि माझ्या यादीत पहिलं आहे. पातळ, हवा खेळणाऱ्या, धुतलेल्या, पाच. मांस बिघडतं ते गरम राहून. चार ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि हरणाचं अंग पडतं तेव्हा अडतीस-एकोणचाळीस अंशांवर असतं. बाहेर पाच अंश आहेत म्हणून निर्धास्त राहू नकोस. हरणाची कातडी म्हणजे पोकळ केसांची रजई. मागच्या मांडीत हाडालगत ऊब तासन्‌तास टिकते आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते, वरून मांस छान लाल दिसत असताना. तेव्हा कातडं लवकर काढायचं, मांड्या आणि फरे सुटे करायचे, मांस हाडावरून उतरवायचं, कापडात घालून सावलीत फांदीला टांगायचं, मध्ये हवा फिरेल असं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलंस तर ऊब आणि ओल दोन्ही आत. प्लास्टिकचा एक दोन मीटरचा पातळ कागद मात्र घे, कापताना खाली अंथरायला. माती आणि पाचोळा मांसाला चिकटला की तो सुटत नाही. तुझी ताडपत्री त्याच्या चौपट जड असेल.

दोर. वीस मीटर जाड दोर कशाला? हरीण ओढत न्यायचा विचार असेल तर सहा किलोमीटर विसर. बारीक नायलॉनची दोरी दहा मीटर घे. टांगायला आणि पाय झाडाला बांधून ताणायला ती पुरते. एकट्याने सोलताना ते बांधलेलं तंगडं हाच तुझा मदतनीस.

रक्त. इथे मी जास्त बोलणार आहे. घरची पेटी म्हणजे चिकटपट्ट्या, मलम आणि तापाच्या गोळ्या. त्याने रानात कुणाचा जीव वाचत नाही. धोका आहे तो संध्याकाळी, गार पडलेल्या बोटांनी, चरबीने निसरड्या झालेल्या मुठीत धारदार सुरी धरून काम करताना. ती निसटली की एकतर आपल्या मांडीत नाहीतर समोर तंगडं धरून उभ्या असलेल्याच्या मनगटात. मांडीची मोठी धमनी तुटली तर हातात काही मिनिटंच असतात. म्हणून पेटी काढून तीन गोष्टी ठेव: टुर्निके, म्हणजे दांडी फिरवून आवळायचा तयार पट्टा, दाबाची रुंद पट्टी, आणि जखमेत ठासायला गॉझ. टुर्निके जखमेच्या पाच ते आठ सेंटीमीटर वर, धडाच्या बाजूला, गुडघ्यावर किंवा कोपरावर कधीच नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचा. दुखतो, प्रचंड दुखतो, तरी सैल करायचा नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. कंबरेचा पट्टा किंवा दोरी बांधून तेवढा दाब येत नाही, शिरा दबतात आणि धमनी वाहतच राहते. हे तिन्ही सॅकेच्या तळाशी नको. बाहेरच्या अशा कप्प्यात ठेव जिथे डावा आणि उजवा दोन्ही हात पोचतात. आणि घरी बसून एकदा एका हाताने स्वतःच्या मांडीवर बांधून बघ. मित्रालाही बांधायला लाव.

उजेड. एक हेडटॉर्च म्हणजे शून्य हेडटॉर्च. दोन घे. संध्याकाळी पडलेलं हरीण म्हणजे सगळं काम अंधारात, वर उतरणं अंधारात. लिथियमच्या न भरता येणाऱ्या बॅटऱ्या घाल, त्या कडाक्याच्या थंडीतही चालतात. साध्या अल्कलाइन थंडीत माना टाकतात. पॉवर बँक आणि फोन सॅकेत ठेवू नकोस, अंगालगतच्या खिशात.

कपडे. सुती टी-शर्ट दोन्ही काढ. चढताना घामाने भिजतील आणि मग दिवसभर अंगावर ओले. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने ऊब ओढून घेतं. लोकरीचा किंवा सिंथेटिक आतला थर, चढताना तेवढाच. गारठल्यासारखं वाटलं तरी चढ. जाड जॅकेट बसल्यावर चढवायचं, चढताना नाही. खुर्चीऐवजी फोमचा चौकोनी तुकडा, शंभर ग्रॅम. सॅकेच्या पाठीला खोचला की झालं.

शेवटचं कागदाचं. परवाना, टॅग, टॅग बांधायला प्लास्टिकची पट्टी आणि शिसपेन्सिल. बॉलपेन थंडीत लिहीत नाही. काही ठिकाणी नर की मादी याचा पुरावा मांसाला जोडलेला ठेवावा लागतो. सोलायला बसण्याआधी वाच, नंतर नाही.

अर्धवट_झोप

सिस्टर, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून सॅकेत ठेवायला हवी. वजन वाढेल तेवढंच.

मी एक बाजू जोडतो, रात्र बाहेर काढावी लागली तर काय? मी धनुष्यबाण घेऊन बहुतेक एकटा जातो. घोटा मुरगळल्यामुळे एक रात्र धारेखाली काढलेली आहे, तेव्हा हे वाचून सांगत नाही. लागलं ते एवढंच: अंगभर जाणारी चकचकीत पातळ पिशवी (नुसती चादर नव्हे, चादर वाऱ्याने उडते), व्हॅसलीन चोळलेले कापसाचे बोळे, दोन लायटर वेगवेगळ्या खिशांत आणि एक शिट्टी. कापसाचा बोळा पिंजून पेटवला की काही मिनिटं जळत राहतो, ओल्या काटक्या तेवढ्यात धरतात.

शिट्टीचं एक माहीत असू द्या. काही देशांत तीनदा वाजवणं म्हणजे संकट. आल्प्सकडच्या पद्धतीत मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, आणि तिथे तीन म्हणजे 'ऐकलं, येतोय' असं उत्तर. आपण जिथे जातोय तिथलं विचारून ठेवावं. मित्राबरोबरही आधी ठरवा. दरीपलीकडून हाक ऐकू येते पण शब्द कळत नाहीत.

शेगडीबद्दल मात्र माझं वेगळं मत. सिस्टरांनी तिच्याबद्दल काही म्हटलं नाही, पण कमी करायला निघालं की पहिली शेगडी जाते. मी ती ठेवतो. दुपारी गरम काही पोटात गेलं की माणूस संध्याकाळपर्यंत जागेवर टिकतो, नाहीतर तीन वाजता 'चला परत' सुरू होतं. फक्त डबी बघून घ्या. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, शेगडी नुसती फुसफुसते. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि डबी जॅकेटच्या आत ठेवून गरम ठेवा.

पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो. वाटेत ओढा असेल तर एक लिटर न्या आणि तिथे भरा. पण बारीक नळ्यांचं गाळणं एकदा आत पाणी असताना गोठलं की फुकट जातं, आणि फुकट गेलंय हे बाहेरून कळत नाही. मी क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या ठेवतो. अर्ध्या तासात जिवाणू-विषाणू मरतात, क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी मात्र चार तास थांबावं लागतं.

कातळ

शेगडीला माझा विरोध. थर्मास. आवाज नाही, ज्योत नाही, वास नाही. भांड्यावर झाकण आपटल्याचा आवाज दरीत किती लांब जातो ते बसल्यावर कळेल.

आणि कुणीच म्हटलं नाही म्हणून सांगतो, भगवा. गुलाल उधळल्यासारखा झगझगीत भगवा, जॅकेटवर आणि टोपीवर. हरणाला लाल-भगवा वेगळा ओळखू येत नाही, त्याच्या डोळ्यात तो रंग टिपणाऱ्या पेशीच नाहीत. त्याला तो मळकट पिवळसर-करडा दिसतो. उलट निळा त्याला आपल्यापेक्षा चांगला दिसतो. जीन घालून रानात जाणारे आणि 'कपडे चमकदार' करणाऱ्या, निळसर चमक देणाऱ्या पावडरीत जॅकेट धुणारे यांनी विचार करावा. बऱ्याच ठिकाणी भगवा कायद्याने सक्तीचा आहे, किती क्षेत्रफळाचा तेही ठरलेलं असतं. सॅक पाठीवर चढवली की जॅकेटचा भगवा झाकला जातो, म्हणून सॅकेवरही भगवं कापड हवं.

अर्धवट_झोप

थर्मास मान्य. पण रात्र काढायची वेळ आली तर थर्मासमध्ये बर्फ वितळत नाही. असो, दोघं जाताहेत, एकाने शेगडी घ्यावी आणि दुसऱ्याने थर्मास.

नवखा_नेम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सिस्टरांच्या पद्धतीने खोलीत जमिनीवर सगळं मांडलं, 'हरीण पडलंय' इथून सुरुवात करून. आता काटा ८.२ दाखवतोय, आणि त्यात पाच कापडी पिशव्या, दुसरा हेडटॉर्च आणि टुर्निके धरून. टुर्निके स्वतःवर बांधून पाहिला. सिस्टर, 'प्रचंड दुखतो' हे तुम्ही सौम्य सांगितलंत. दुर्बीण ८×४२ ची एकाकडून उसनी मिळाली. शेगडी मित्राकडे गेली.

तीन शंका उरल्यात. माझी सॅक ट्रेकिंगची, ४५ लिटरची, आत फक्त प्लास्टिकची पातळ पाटी आहे. पंचवीस किलो मांस तिच्यात बसेल का, की नवी घ्यावी? दुसरं, मांस भरताना खाली ठेवायचं की वर? तिसरं, गोळी लागली पण हरीण पडलं नाही, झाडीत शिरलं, तर सॅकेतलं काय कामाला येतं?

थिएटर_सिस्टर

तिसऱ्यापासून घेते, कारण तीच वेळ वाईट.

सॅकेतलं कामाला येतं ते भडक रंगाच्या रिबिनीचं भेंडोळं आणि घड्याळ. चाप ओढलास तिथे एक रिबीन बांध. हरीण उभं होतं ती जागा डोळ्यांनी एखाद्या झाडाशी नाहीतर खडकाशी पक्की कर, कारण तिथे पोचल्यावर सगळं वेगळं दिसतं. मग बसून राहा. अर्धा तास तरी. पडताना दिसलं नाही तर लगेच मागे धावलं की ते उठून आणखी लांब जातं. मग जागेवर जाऊन रक्त बघ. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, ते फार लांब गेलेलं नसतं. गडद, काळपट लाल असेल तर यकृत, तिथे आणखी दोन-तीन तास थांब. हिरवट आणि घाण वासाचं असेल तर पोट, आणि तिथे सहा-आठ तास थांबावं लागतं, म्हणजे तुझ्या बाबतीत बहुधा दुसऱ्या दिवशी पहाट. थोडं मांस हातचं जाईल, पण उठवलेलं जखमी हरीण मिळत नाही आणि तडफडत राहतं. जोराचा पाऊस येत असेल तर हा हिशेब बदलतो, रक्त धुऊन जायच्या आत निघावं लागतं. जिथे जिथे रक्त सापडेल तिथे रिबीन. पाच-सहा झाल्या की मागे वळून बघ, त्या रांगेवरून हरीण कुठे वळतंय ते दिसतं. माग काढताना एकाने रक्तावर नजर ठेवायची, दुसऱ्याने पुढे. रिबिनी परतताना काढून आणायच्या. रात्री रक्त बघायला पांढराच उजेड लाव, लाल दिव्यात रक्त दिसत नाही.

सॅक. पातळ पाटीची सॅक पंचवीस किलोखाली वाकते आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं. ओझं कमरेवर पडायला हवं, आणि ते पाठीच्या लांबीइतकी ताठ चौकट असेल तरच पडतं. पण पहिल्या हंगामाला नवी घेऊ नकोस. तुम्ही दोघं आहात, साडेबारा-साडेबारा किलो वाटून घ्या आणि पहिल्या खेपेत तेवढंच आणा, किंवा एकाने मांस आणि दुसऱ्याने दोन्ही सॅकांतलं बाकी सामान. पुढच्या वर्षी पुन्हा जायची हौस टिकली तर चौकट आणि पिशवी यांच्या मध्ये मांस दाबून बसवता येतं अशी सॅक बघ. मांस पाठीलगत राहतं आणि आतल्या जॅकेटला रक्त लागत नाही. तोवर कचऱ्याची जाड पिशवी सॅकेच्या आत अस्तरासारखी लाव. हो, मीच प्लास्टिकला नको म्हटलं होतं. ते मांस गार होईपर्यंत. थंड झालेलं, कापडात गुंडाळलेलं मांस दोन तासांच्या वाटेवर प्लास्टिकच्या अस्तरात असलं तर चालतं. गाडीशी पोचल्यावर काढून पुन्हा हवेवर टांग.

मांस खाली नको आणि अगदी वरही नको. पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. तळाशी जॅकेट वगैरे मऊ, मग मांस, बाहेरच्या बाजूला हलकं. उतरताना खांद्यावरचे वरचे ओढपट्टे थोडे सैल सोड आणि काठी हातात घे. काठीचं तुझ्या यादीत नव्हतं, माझ्याही राहिलं. दोन काठ्या घे. बंदूक रिकामी करून, काडतुसं खिशात आणि बंदूक सॅकेला बांधून, म्हणजे हात मोकळे. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, दोनदा बघ, एकदा डोळ्याने, एकदा करंगळीने.

शिंगं बाहेर बांधणार असशील तर त्यावर भगवं कापड गुंडाळ, दोन्ही शिंगांवर. झुडपातून हलणारी शिंगं दुसऱ्या शिकाऱ्याला हरीणच दिसतात.

नवखा_नेम

रिबीन, दोन काठ्या, कचऱ्याच्या दोन पिशव्या, भगव्या कापडाचे दोन तुकडे. काटा ८.९. मित्राची सॅक उद्या उलटी करतो, त्याच्याकडे अजून कुऱ्हाड आहे.

कातळ

आणि त्याची काडतुसं मोज.